नवं वाफेचं मॉडेल इंजिन: पहिल्या दिवशी काय करायचं

खोकं घरी आलं, फोम बाजूला झाला आणि ते दोन-अडीच किलोचं जड धूड टेबलावर ठेवलं, की हात शिवशिवायला लागतात. आत्ताच्या आत्ता पेटवून बघू, असं वाटतं. ते पेटवणं एक दिवस पुढे ढकला, आणि पेटवाल तेव्हाही रुळावर ठेवू नका. खरं तर एवढंच सांगायला बसलो होतो, पण त्याच्या पोटात बरंच काही आहे.

आधी कुठल्या इंजिनाबद्दल बोलतोय ते सांगतो. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथल्या गाड्या विजेवर धावतात. विजेच्या मॉडेलमध्ये धुराडं आणि दांडे दिसले, तरी आत असते मोटर. ते रुळावर ठेवलं, खटका फिरवला, की झालं. हा लेख खऱ्या वाफेच्या इंजिनाबद्दल आहे. त्यात तांब्याचा बॉयलर असतो, बॉयलरमधून जाणाऱ्या नळीत गॅसचा बर्नर असतो, आणि वाफ दट्ट्याला ढकलते म्हणून चाकं फिरतात. नवख्या माणसाच्या हाती यातलं बहुधा १६ मिमीला एक फूट या प्रमाणातलं नॅरोगेज इंजिन पडतं. हिशोब सोपा आहे. नेरळ-माथेरानचा रूळ दोन फुटी, म्हणजे मॉडेलमध्ये ३२ मिमी. १९०७ साली सुरू झालेल्या त्या मार्गावरची जर्मन बनावटीची ओरेनस्टाइन अँड कोपेल इंजिनं या मापात चपखल बसतात. आपली बार्शी लाइट मात्र अडीच फुटी होती. तिला ४० मिमी लागतात, आणि ३२ व ४५ या दोन प्रचलित मापांच्या मधे ती बिचारी लटकून राहते.

पेटवण्याच्या आदल्या संध्याकाळी

पुस्तिका वाचा. कंटाळा आला तरी वाचा, कारण या लेखात आणि तिच्यात कुठे फरक पडला, तर खरी ती.

बऱ्याच इंजिनांची चाकं आसावर सरकवून ३२ किंवा ४५ मिमी करता येतात. तुमचं कुठल्या मापावर लावून आलंय ते बघा. ३२ मिमीसाठी दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साधारण २८ मिमी हवं. व्हर्नियर असेल तर मोजा. रुळावरून घसरण्याच्या निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात, आणि माणूस दोष देतो रुळाला.

मग रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या वाफेचा व्हॉल्व्ह, उघडा ठेवून इंजिन टेबलावर हाताने हळूहळू ढकला. नवीन इंजिन घट्ट असणारच. पण घट्टपणा सगळीकडे सारखा हवा. चाकाच्या प्रत्येक फेरीत एकाच जागी अडखळत असेल, तर कुठलातरी दांडा घासतोय किंवा प्रवासात वाकलाय. तो आधी सरळ व्हायला हवा, वाफेच्या जोरावर सुटेल अशी आशा करू नका. बारीक नटबोल्ट एकदा चाचपून घ्या. फक्त चाचपून, पिळून नव्हे. या मापाचे बोल्ट मनगटाच्या जोराने सहज तुटतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा सराव. गॅसचा व्हॉल्व्ह कुठल्या दिशेला फिरवला की बंद होतो, ते डोळे मिटून दहा वेळा करून बघा. काही बिघडलं तर सगळ्यात आधी हेच करायचं असतं, आणि घाबरलेल्या माणसाला डावं-उजवं आठवत नाही. स्वानुभव आहे.

इंजिन जुनं, कुणाकडून घेतलेलं असेल, तर बॉयलरच्या चाचणीचा कागद मागा. ही चाचणी थंड पाण्याच्या दाबाने करतात. नव्या बॉयलरला कामाच्या दाबाच्या दुप्पट आणि नंतरच्या चाचण्यांना दीडपट दाब देतात. कागद नसेल, तर जाणकाराकडून चाचणी करून घेईपर्यंत ते इंजिन शोकेसमध्येच बरं.

पाणी, तेल, गॅस

पाण्यावर जरा रेंगाळतो, कारण आपल्याकडे खरी अडचण तिथेच आहे. नळाचं, त्याहून बोअरचं पाणी चालत नाही. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच बॉयलरच्या आत बसतो, आणि तिथे घासणी पोचत नाही. मग हात जातो पेट्रोल पंपावरच्या बॅटरीच्या पाण्याकडे. त्या बाटलीवरचं लेबल नीट वाचा. उकळून, वाफ थंड करून मिळवलेलं म्हणजे डिस्टिल्ड पाणी उत्तम. पण पुष्कळ बाटल्यांमध्ये डिमिनरलाइज्ड पाणी असतं. रसायनाच्या गाळणीतून क्षार काढलेलं असं पाणी पितळेतलं जस्त ओढून घेतं म्हणून काही उत्पादक स्पष्ट नको म्हणतात. बॉयलर तांब्याचा असला, तरी त्यावरची टोपणं आणि जोड पितळी असू शकतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी फुकटचं डिस्टिल्ड आहे, असं सांगणारे भेटतील. त्यात धूळ आणि शेवाळ येतं, ते झाडांना घाला.

माझा उपाय पावसाचा आहे. पहिल्या दोन-चार सरी हवा धुऊन जातात. त्यानंतर गच्चीत स्वच्छ प्लास्टिकचा कागद ताणून पाणी धरायचं, गाळायचं आणि झाकून ठेवायचं. पत्र्यावरून उतरलेलं नाही, थेट आकाशातून पडलेलं. एका फेरीला जेमतेम दोनशे मिली लागतात, तेव्हा दोन कॅन भरले तर वर्षभराची ददात नाही.

तेल दोन प्रकारचं लागतं. दांडे आणि आस यांना पातळ यंत्रतेल चालतं, सांध्यावर एकेक थेंब. सिलिंडरमध्ये, म्हणजे दट्ट्या ज्यात मागेपुढे सरकतो त्या नळकांड्यात, मात्र वाफेचं खास तेल, म्हणजे स्टीम ऑइलच हवं. ते मधासारखं दाट असतं आणि गरम ओल्या वाफेतही धातूला धरून राहतं. शिवणयंत्राचं तेल वाफेबरोबर क्षणात धुऊन जातं. मोटारीच्या इंजिन ऑइलमधली रसायनं वाफेसाठी बनवलेलीच नसतात. हे तेल इंजिनाबरोबरच मागवून ठेवा. ते नाही म्हणून सगळं थांबलंय आणि आपण खोबरेल तेलाकडे बघतोय, ही वेळ येऊ देऊ नका.

गॅस ब्यूटेन. लायटर भरायचे डबे मिळतात त्यातला चालतो, फक्त डब्याचं नाक तुमच्या इंजिनाच्या भरणीशी जुळायला हवं, नाहीतर मधला जोड घ्यावा लागतो. थंड देशांतले लोक ब्यूटेनमध्ये प्रोपेन मिसळलेला गॅस वापरतात, कारण शून्याच्या आसपास ब्यूटेनची वाफच होत नाही. आपल्याकडे उलटं आहे. २० अंशांना ब्यूटेनचा टाकीतला दाब वातावरणापेक्षा साधारण एक बारने जास्त असतो, तर ४० अंशांना तो पावणेतीन बारच्या घरात जातो. मे महिन्यात ज्योत बर्नरवरून उडते ती यामुळे. तेव्हा निव्वळ ब्यूटेन आणि सकाळची वेळ. घरच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधून गॅस भरायचा जुगाड मनातसुद्धा आणू नका. त्यात प्रोपेन असतो, आणि इंजिनाची ती अंगठ्याएवढी टाकी त्या दाबासाठी बनवलेली नसते.

याशिवाय लांब नाकाचा गॅस लायटर, पाण्यासाठी ५०-६० मिलीची सिरिंज आणि तिला बसेल अशी बारीक नळी, तेलासाठी छोटी सिरिंज, कातडी हातमोजे, जुनी सुती फडकी, आणि हाताशी ओलं पोतं. सैल ओढणी, पदर, नायलॉनचा शर्ट यांना त्या दिवशी सुट्टी.

पहिली वाफ, चाकं अधांतरी

जागा उघडी हवी, पण वाऱ्याची नको. गच्चीत कठड्याच्या आडोशाला एक टेबल मांडा. इंजिनाची चौकट दोन लाकडी ठोकळ्यांवर टेकवा, म्हणजे चाकं हवेत मोकळी फिरतील. सुरुवातीला धुराड्यातून तेल आणि गरम पाणी उडतं, सांध्यांतून थेंब गळतात, आणि एखादा व्हॉल्व्ह अजून ओळखीचा नसतो. हे सगळं इंजिन एका जागी असताना झालेलं बरं. पळणाऱ्या तापलेल्या इंजिनामागे वाकून धावणं मजेदार दिसतं, ते दुसऱ्याच्या व्हिडिओत.

क्रम ठरलेला आहे आणि तो मोडायचा नाही: तेल, पाणी, गॅस. रोज, दर वेळी.

तेलासाठी ल्युब्रिकेटरचं झाकण उघडा. ही एक छोटी डबी असते आणि तिची गंमत कळली की पुढचं सगळं लक्षात राहतं. वाफेच्या नळीला तिचं बारीक भोक असतं. थोडी वाफ आत शिरते, थंड होऊन तिचं पाणी होतं, पाणी जड म्हणून तळाला जातं आणि तेवढंच तेल वर ढकललं जाऊन वाफेबरोबर सिलिंडरकडे निघतं. पंप नाही, वात नाही, काही नाही. काठापासून किंचित जागा सोडून भरा, तेल गरम झालं की फुगतं.

आता पाणी. सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा भरणीचं टोपण काढून बॉयलर काठोकाठ भरा, आणि मग पुस्तिकेत सांगितलंय तेवढं, साधारण २५-३० मिली, सिरिंजने परत ओढून घ्या. वाफेला जागा लागते. ती ठेवली नाही, तर वाफेऐवजी उकळतं पाणीच सिलिंडरकडे जातं. टोपण बोटांनी घट्ट करा, पकडीने नको. आतली रबरी रिंग काम करते, जोर नाही.

गॅस शेवटी. आसपास काही पेटलेलं नाही, उदबत्तीसुद्धा नाही, हे बघून घ्या. इंजिनाचा गॅस व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करा, डबा उलटा धरा, नाक भरणीवर सरळ दाबा. डबा उलटाच हवा, म्हणजे द्रव गॅस आत जातो. सूं असा आवाज येत राहील. भरणीतून पातळ फवारा उडायला लागला की टाकी भरली. नंतर डबा लांब, सावलीत ठेवा आणि मिनिटभर थांबा, सांडलेला गॅस विरून जाऊ द्या.

लायटरची ज्योत धुराड्याच्या तोंडाशी धरा आणि मगच गॅसचा व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडा. आधी गॅस सोडून मग लायटर शोधायचा नाही. फप्प असा आवाज होतो, ज्योत धुराड्यातून आतल्या नळीत मागे पळते आणि बर्नरवर जाऊन बसते. तिथून बारीक, एकसुरी भुरभुर ऐकू येते. हा आवाज पाठ करून ठेवा, पुढे कानच निम्मं काम करतात. ज्योत मागे गेलीच नाही आणि इंजिनाच्या नाकातच, धुराड्याखाली जळत राहिली, तर ताबडतोब गॅस बंद करा. नाहीतर तिथला रंग पोळून निघतो. मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करा. व्हॉल्व्ह आणखी कमी उघडून बघा. बर्नर चिरकायला लागला तर गॅस थोडा कमी करा, किंवा दोन मिनिटं जाऊ द्या. तापल्यावर बहुतेक गप्प होतो. ज्योत अशक्त असेल आणि टाकी भरलेली असेल, तर गॅसच्या जेटमध्ये, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडात, कचरा आहे. इंजिन थंड झाल्यावर जेट काढून उलट्या बाजूने गॅसच्या फवाऱ्याने साफ करा. सुई घालू नका. ते भोक केसाएवढं असतं, सुईने मोठं झालं की नवीन जेट मागवण्याला पर्याय नाही.

रंगाचा, तेलाचा वास येईल, थोडा धूरही निघेल. नव्या इंजिनाचं हे असंच.

पाच ते दहा मिनिटांत दाबाचा काटा जागचा हलतो. या मापाच्या बऱ्याच इंजिनांचा कामाचा दाब चौरस इंचाला ४० पाउंडांच्या आसपास असतो. त्या दाबाला आतलं पाणी १४० अंशांच्या पुढे गेलेलं असतं आणि तरी उकळून सुटू शकत नाही, म्हणून तो दाब हलक्यात घ्यायचा नाही. पहिल्या दिवशी रेग्युलेटर बंद ठेवून सेफ्टी व्हॉल्व्ह उडेपर्यंत वाट बघा. चेहरा आणि हात त्याच्या वर नकोत. काटा ठरलेल्या आकड्याच्या पुढे चाललाय आणि व्हॉल्व्ह गप्प आहे, तर गॅस बंद. बाकी काही खटपट करायची नाही, थंड होऊ द्यायचं.

व्हॉल्व्ह उडाला, वाफ फुसफुसली, की गाडी पुढच्या दिशेला लावा आणि रेग्युलेटर केसभर उघडा. काहीच होणार नाही. थंड सिलिंडरमध्ये गेलेल्या वाफेचं पाणी झालंय, आणि पाणी दाबलं जात नाही, म्हणून दट्ट्या अडतो. इथे रेग्युलेटर आणखी उघडण्याचा मोह होतो आणि इथेच दांडे वाकतात. त्याऐवजी हातमोजा घालून चाक बोटाने अर्धी फेरी पुढे, अर्धी मागे करा, दिशा बदला, पुन्हा करा. धुराड्यातून तेलकट पाण्याची पिचकारी निघेल. म्हणून टेबल भिंतीला लावून ठेवायचं नाही, आणि पांढरा सदराही नको. तीन-चार पिचकाऱ्यांनंतर सिलिंडर तापतात आणि चाकं आपोआप फिरायला लागतात.

आता दहा-पंधरा मिनिटं ती हळू फिरू द्या, थोडा वेळ पुढे, थोडा वेळ मागे. हवेत चाकांवर ओझं नसतं, त्यामुळे रेग्युलेटर जरा जास्त उघडला तर ती भन्नाट सुटतात. ऐकायला छान वाटतं, नव्या सांध्यांना वाईट. दट्ट्याच्या दांड्यापाशी वाफ गळत असेल, तर थंड झाल्यावर तिथला नट एक अष्टमांश फेरी आवळा. जास्त आवळला तर गळती थांबेल आणि इंजिनही थांबेल.

चांगल्या इंजिनात पाणी आणि गॅस यांचं प्रमाण असं ठेवलेलं असतं, की गॅस आधी संपतो आणि बॉयलरमध्ये थोडं पाणी उरतं. साधारण वीस मिनिटं ते अर्धा तास. म्हणूनच पाणी न घालता दुसऱ्यांदा गॅस भरणं ही या छंदातली सगळ्यात महागडी चूक. गॅस विझला की दाब शून्यावर येऊ द्या, फडक्याने धरून सेफ्टी व्हॉल्व्ह सावकाश सैल करा, तेल, पाणी आणि मग गॅस. तापलेल्या टाकीत गॅस नीट शिरत नाही, तेव्हा दुसऱ्या फेरीआधी अर्धा तास चहाला द्यावा.

रुळावर

पहिली फेरी निर्धोक पार पडली, तर दुसऱ्या दिवशी रूळ मांडा. इथे माझी फजिती सांगतो. आमच्या सोसायटीची गच्ची मला अगदी सपाट वाटायची. पण गच्चीला पावसाच्या पाण्यासाठी उतार काढलेलाच असतो, हे गवंड्याला माहीत होतं, मला नव्हतं. इंजिन पन्हाळीच्या दिशेला सुसाट निघालं, वळणावर आडवं झालं, आणि परतीच्या चढावर नेलं तर दमून उभं राहिलं. एका बाजूचा रंग अजून खरवडलेला आहे. तेव्हापासून आधी पाणसळ लावतो. विटांवर प्लायच्या फळ्या, फळ्यांवर रूळ, आणि कमी-जास्त होईल तिथे पुठ्ठ्याचे तुकडे. हाताने चालवायच्या इंजिनाला सपाट रूळ सगळ्यात जास्त लागतो, कारण उतार आला म्हणून रेग्युलेटर कमी करायला आत ड्रायव्हर नाही. रेडिओ कंट्रोल असलेली इंजिनं हे काम करतात, पण पहिल्या काही दिवसांत तेही बाजूला ठेवून हातानेच चालवावं, असं माझं मत आहे. इंजिन कळतं.

वळणाची त्रिज्या पुस्तिकेत बघा. या वर्गातल्या बऱ्याच छोट्या इंजिनांना कमीत कमी अडीच फूट, म्हणजे ७६० मिमी लागते. जागा असेल तर एक मीटर किंवा जास्त ठेवा. घर्षण कमी होतं आणि गाडी शोभतेही.

पहिल्या दोन-तीन फेऱ्या नुसतं इंजिन. मग दोन डबे जोडा. गंमत अशी की डबे जोडले की इंजिन जास्त शहाण्यासारखं वागतं, ओझ्यामुळे वेग आवाक्यात राहतो. सुरुवातीला बरोबरीने चाला, हात रेग्युलेटरजवळ ठेवून. धुराडं, बॉयलर आणि सिलिंडर सोडून कुठे धरायचं, ते आधीच ठरवून ठेवा. मुलं असतील तर खडूने एक रेघ मारा आणि तिच्या अलीकडे यायचं नाही, असं बजावा. खालच्या मजल्यावरच्यांना आधी कल्पना दिलेली बरी, कारण गॅसचा वास आणि फुसफुस एकत्र आली की अध्यक्ष जिना चढून येतातच.

पांढरीशुभ्र वाफ बघायची असेल, तर डिसेंबरातली पहाट किंवा श्रावणातली पावसाची उघडीप निवडा. गार, दमट हवेत वाफेचे ढग होतात. मेच्या दुपारी इंजिन तेवढंच काम करतं, पण वाफ दिसतच नाही आणि बघणारे म्हणतात, हे विजेवरचंय ना?

झाल्यावर

दाब शून्यावर आला आणि इंजिन अजून कोमट आहे, तेव्हा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून ठेवा. तसंच थंड होऊ दिलं, तर बॉयलरमधली वाफ आकसून पोकळी होते. रेग्युलेटर उघडा राहिला असेल, तर ती पोकळी ल्युब्रिकेटरमधलं तेल उलटं बॉयलरमध्ये ओढते. बॉयलरमध्ये तेल गेलं की पाण्याला फेस येतो आणि पुढच्या वेळी वाफेबरोबर पाणीच उडत राहतं. पुष्कळांना हे कारण कधी सापडतच नाही.

ल्युब्रिकेटरच्या तळाशी जमलेलं पाणी सिरिंजने काढा. किती पाणी निघालं, ते बघा. निघालं त्याअर्थी तेवढं तेल सिलिंडरपर्यंत पोचलं. काहीच निघालं नाही, तर भोक तुंबलंय आणि सिलिंडर कोरडे चाललेत.

मग फडक्याने सगळं पुसा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल, तर चाकांच्या कडांना आणि दांड्यांना तेलाचा हात फिरवून ठेवा, एका पावसाळी रात्रीत गंज धरतो. गॅसच्या टाकीत काही उरलं असेल तर व्हॉल्व्ह उघडून मोकळ्या हवेत जाऊ द्या, आणि मगच इंजिन घरात न्या. कधी विमानाने न्यायचं झालं, तर ती टाकी कित्येक दिवस आधीपासून रिकामी आणि उघडी ठेवा. गॅसचा नुसता वास आला तरी सामान अडकू शकतं, आणि डबा तर बरोबर नेताच येत नाही.

एका वहीत तारीख, किती पाणी घातलं, किती मिनिटांत वाफ धरली आणि किती वेळ चाललं, एवढं लिहून ठेवा. माझ्या इंजिनाने पहिल्या दिवशी वाफ धरायला अकरा मिनिटं घेतली होती, दहाव्या फेरीला सात.